बेकीर मास्तरचं खोगीर

आमच्या रिसाल्यात मशीनगनवाल्यांना कुणी स्वार म्हणत नसे. भाले-तलवारी मिरवणाऱ्या तुकड्या आम्हाला 'भांडीवाले' म्हणायच्या. कारण आम्ही चाललो की घोड्यांच्या पाठीवर तिवया, काडतुसांच्या पेट्या आणि पाण्याचे डबे खणाखण वाजायचे. आमच्या पोलंडात प्रत्येक रिसाल्यावर आणि तुकडीवर दोन ओळींचं टोचणारं गाणं असतं. ते दुसऱ्यानं रचायचं आणि ज्याच्यावर रचलंय त्यानं हसत ऐकून घ्यायचं, अशी रीत. आमच्यावरचं असं होतं :

लोखंड बसलं घोड्यावरती, स्वार चालला पायी,
भांडी घेऊन निघाली बघा कुणाच्या घरची बाई!

हसत ऐकून घ्यायचं म्हणे! मी एकदा पहिल्या तुकडीतल्या एकाचं नाक फोडलं या गाण्यावरून, आणि तीन दिवस पागा झाडली. पण ती खणखण खरंच बंद केली ती बेकीर मास्तरनं. आणि आज मला त्याच्याबद्दल सांगायचंय, कारण त्याच्याबद्दल कुणीही सांगत नाही. कर्नलांचे फोटो छापले जातात. जीनगराचा फोटो कोण छापणार?

बेकीर रिझ्वानोविच आमच्या रिसाल्याचा जीनगर, खोगिरं शिवणारा. तातार माणूस. त्याच्या वाडवडिलांनी तीनशे वर्षं आमच्या झाब्रोदे गावात नदीकाठी चामडं कमावलं. पिंगट मिशी, जाड बोटं, आणि उजवा गुडघा कायमचा ताठ. एकोणीसशे वीस सालच्या रशियाशी झालेल्या लढाईत घोडा अंगावर पडला होता. कारखान्यात तो बाकावर बसायचा तेव्हा तो पाय समोर काठीसारखा आडवा, आणि येणारा-जाणारा त्याला अडखळायचा. अडखळला की बेकीर म्हणायचा, "बघून चाल की रे! हा पाय सरकारनं दिलाय, मोडलास तर भरून द्यावा लागेल."

रंगरूट शपथ घ्यायचे त्या दिवशी मैदानात चार धर्मांचे चार धर्मगुरू उभे राहायचे. आमच्या कॅथलिक पाद्र्यासमोर तीनशे पोरं, ऑर्थोडॉक्सांच्या पाद्र्यासमोर शंभर, ज्यूंच्या रब्बीसमोर वीस-पंचवीस, आणि इमामासमोर सहा तातार. दर वर्षी मी बेकीरला डिवचायचो, "काय मास्तर, तुमची फौज वाढली नाही वाटतं यंदा?" तो दाभणातून मेणाचा दोरा ओढत म्हणायचा, "इग्नास, घोड्याच्या एका नालाला खिळेही पाच-सहाच लागतात. पोतंभर ठोकून बघ, काय होतं ते."

आता त्याचं काम ऐका. साध्या स्वाराचं खोगीर कुणीही नीट बसवील. माणूस जिवंत ओझं. चढणीला पुढे झुकतो, उतरणीला मागे. मशीनगन मेलेलं ओझं. डाव्या अंगाला बंदूक, उजव्या अंगाला तिवई, वर पेट्या. चार पावलं वाकडी पडली तरी लोखंड स्वतःहून सरळ होत नाही, ते घोड्याच्या हाडावर घासत राहतं. दोन दिवसांच्या कूचानंतर खोगीर उचललं की खाली सोललेली पाठ. इथंच सगळ्या जीनगरांचं घोडं पेंड खायचं.

बेकीर प्रत्येक घोड्याच्या पाठीला आधी खडूची भुकटी चोळायचा. वर खोगीर ठेवायचा, घोडा मैदानात दोन फेऱ्या फिरवायचा, खोगीर उचलायचा आणि खोगिराखालच्या गादीच्या पोटाला खडू कुठं लागला ते बघायचा. जिथं जास्त लागला तिथली शिवण उसवायची, आत भरलेले घोड्याचे केस मूठभर काढायचे, दुसरीकडे भरायचे, परत शिवायचं. एका घोड्यासाठी कधी कधी नऊ नऊ वेळा. शेवटी ते खोगीर बंदूक-तिवईसकट एका गोल ओंडक्यावर ठेवायचं. हा ओंडका त्याच्या कारखान्याच्या मधोमध दोन घोड्यांवर, म्हणजे लाकडी घोड्यांवर, आडवा टाकलेला असे. खोगीर ना डावीकडे झुकलं पाहिजे ना उजवीकडे. बंदूक तिवईपेक्षा हलकी, म्हणून बंदुकीच्या बाजूला तो सुट्या भागांची पेटी बांधायचा, आणि एवढ्यावरही जरासं झुकलं तर त्या पेटीत एखादा बोल्ट जास्त टाकायचा. एका बोल्टासाठी अर्धा तास! मी म्हणायचो, "मास्तर, सोनं तोलताय का?" तो म्हणायचा, "सोनं घासलं तर झिजतं. घोडी घासली तर मरते."

कूच संपलं की तो प्रत्येक घोड्याच्या पाठीवरून तळवा फिरवायचा. डोळ्यांवर त्याचा विश्वास नव्हता. तळव्याला ऊब लागली नाही, ओल लागली नाही की घोड्याच्याच कानात म्हणायचा, "कोरडी. जा, खा."

आणि कूच सुरू होण्याआधी तो बंदुकीच्या मुख्याला, म्हणजे मला, एकच प्रश्न विचारायचा. "काही बदललं का?" म्हणजे त्यानं तोलून दिलं त्यात आपण काही वाढवलं, काढलं, सरकवलं का. मी म्हणायचो, "नाही मास्तर." बस्स. पुढे तो बघायचाही नाही. पाठीच्या बाबतीत स्वतःच्या डोळ्यांनाही न जुमानणारा हा माणूस, पण कुणी एकदा 'नाही' म्हटलं की त्याला तो शब्द पुरायचा.

चौतीस साली राजधानीतून पत्र आलं. साऱ्या रिसाल्यांतल्या मशीनगनींसाठी लोखंडी सांगाड्याचं नवं खोगीर ठरतंय, एका मापाचं, कारखान्यात बनलेलं. ते एकदा ठरलं की रिसाल्यात जीनगराची जागा उरणार नाही. तुटलेला पट्टा बदलायला शिपाई पुरे. पत्रापाठोपाठ मेजर झालुस्की आले. पांढरे हातमोजे, चकचकीत बूट. त्यांनी बेकीरचं खोगीर काठीच्या टोकानं उचकटलं आणि विचारलं, "ह्यात काय भरलंय? केस?"

"घोड्याचेच," बेकीर म्हणाला.

"ही सगळी खोगीरभरती आता बंद. विसावं शतक आहे."

"शतक विसावं असेल साहेब, पण घोड्याची पाठ जुनीच आहे."

आमचे कर्नल खाली मान घालून मिशीत हसले. मेजरांचे कान लाल झाले. "म्हणजे तुमचं खोगीर आमच्यापेक्षा चांगलं, असं म्हणणं आहे तुमचं?"

"मी कशाला म्हणू? घोडामैदान जवळच आहे."

आणि तिथल्या तिथं ठरलं. तीन दिवस, दीडशे किलोमीटर. एक मशीनगन बेकीरच्या खोगिरावर, दुसरी लोखंडी सांगाड्यावर. रोज मुक्कामाला घोड्यांचे डॉक्टर पाठी तपासणार. शेवटच्या दिवशी चांदमारीच्या मैदानावर दोन्ही बंदुका उतरवून पहिली गोळी कोण आधी झाडतं, तेही बघणार. पण मुख्य म्हणजे पाठ. बेकीरच्या घोडीची पाठ लागली, म्हणजे सुजली किंवा सोलली, तर त्याचं खोगीर बाद, आणि बेकीर घरी. नाही लागली तर आमच्या ब्रिगेडभर त्याचंच खोगीर. कर्नल म्हणाले, "कबूल, मास्तर?" बेकीर म्हणाला, "कबूल." मग घरी जाऊन त्यानं बायकोला, मेर्येमाला सांगितलं. मी तिथं होतो. ती मटण भरलेली, थराथरांच्या पिठाची वेटोळी भट्टीत घालत होती. हात न थांबवता म्हणाली, "हरलात तर काय खाणार आपण? केस?"

"तुझा नवरा हरणार नाही."

"नवऱ्याचं मला माहीत आहे. मी घोडीचं विचारतेय."

घोडी आम्ही मालवा निवडली. कुमैत, म्हणजे लालसर तपकिरी रंग, पातळ कातडी. नाजूक पाठीची होती, आणि म्हणूनच बेकीरनं ती निवडली. मी कपाळावर हात मारला. "मास्तर, निदान गेंड्याच्या कातडीचा एखादा घ्या की!" तो म्हणाला, "गेंड्यावर लोखंडी खोगीरही चालतं. मग सिद्ध काय होणार?" असा माणूस. बंदुकीचा मुख्य मी, माझ्या हाताखाली प्रोकोप. प्रोकोप दलदलीच्या गावांतला, बोलायचा कमी, खायचा जास्त. दुसऱ्या बंदुकीला ग्रोम नावाचा काळा घोडा.

पहिला दिवस, वाळू आणि पाइनची झाडं, पंचावन्न किलोमीटर. मुक्कामाला डॉक्टरांनी खोगिरं उचलली. मालवा स्वच्छ. ग्रोमच्या मानेच्या बुडाशी केस उडालेले, कातडं शाबूत. डॉक्टरांनी वहीत लिहिलं. बेकीर मागून गाडीत यायचा, गुडघ्यामुळे. उतरून त्यानं मालवाच्या पाठीवर तळवा फिरवला. "कोरडी. जा, खा." दुसरा दिवस, दलदलीतली लाकडी वाट, पन्नास किलोमीटर. मालवा स्वच्छ. ग्रोमचा उडालेला भाग रुंदावला, पण सूज नाही, जखम नाही. मेजरांनी कपाळ पुसलं. मी त्या रात्री बकव्हीटचा भात तीनदा मागून घेतला आणि सगळ्यांना सांगत सुटलो की उद्या भांडीवाल्यांचा दिवस.

तिसऱ्या दिवशी पहाटे बेकीरनं माल चढवला, पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, आवळला, विचारलं, "काही बदललं का?"

"नाही मास्तर," मी म्हणालो, आणि तेव्हा ते खरं होतं. मग कर्नलसाहेबांच्या गाडीतून तो पुढे चांदमारीच्या मैदानावर गेला.

आता माझं शहाणपण ऐका. मशीनगनच्या नळीभोवती पाण्याचं नळकांडं असतं, चार लिटरचं. गोळ्या झाडताना नळी तापू नये म्हणून. कूचात ते रिकामं ठेवायचं हा नियम. पाणी वेगळ्या डब्यात, वेगळ्या घोड्यावर. पोहोचल्यावर भरायचं, मगच झाडायचं. भरायला लागतो पाऊण मिनिट. आणि माझ्या डोक्यात आलं की पाण्यासकट पोहोचलो तर ते पाऊण मिनिट वाचेल! खोगिरात तर जिंकलोच आहोत, गोळीतही जिंकू. मेजराला दोन्ही गालांवर एकेक. शिवाय मला बढतीची पुढची फीत मिळायची होती, तेही होतंच मनात, उगाच खोटं कशाला बोलू.

ओढ्यावर घोड्यांना पाणी पाजायला थांबलो तेव्हा मी बंदुकीच्या नळकांड्याचं झाकण उघडलं आणि भरलं. प्रोकोप बघत होता. म्हणाला, "मास्तर काय म्हणतील?"

"मास्तर पुढे गेलेत."

"चार किलो होतं हे. एकाच बाजूला."

"चार किलोनं काय होतंय? दीडशे किलोमीटरातले सव्वाशे झाले. तू बोलू नकोस, चाल."

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. दुसरं काय म्हणणार मी स्वतःला? ज्या माणसानं एका बोल्टासाठी अर्धा तास घालवला, त्याच्या तोलावर मी चार लिटर पाणी ओतलं. आणि पाणी नुसतं जड नसतं, ते हिंदकळतं. प्रत्येक पावलाला डावीकडून एक धक्का. पंचवीस किलोमीटर.

मैदानावर आम्ही धूळ उडवत पोहोचलो. इशारा झाला. मी आणि प्रोकोपनं बंदूक उतरवली, तिवईवर बसवली, पट्टा आत सरकवला, आणि दुसरे लोक अजून डब्याचं झाकण फिरवताहेत तोवर आमची बंदूक कडाडली. धुळीत आणि गडबडीत आम्ही पाणी भरलंच नाही हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. पोरांनी टोप्या उडवल्या! पहिल्या तुकडीतला तो नाकफुटक्यासुद्धा ओरडला, "शाब्बास भांडीवाले!" माझी छाती अशी फुगली की कोटाची बटणं तुटतील.

तेवढ्यात डॉक्टरांनी मालवाचं खोगीर उचललं.

डाव्या अंगाला, बरगड्यांच्या वरच्या टोकाशी, तळहाताएवढी सूज. टम्म. डॉक्टरांनी बोट लावलं तर मालवानं कान मागे टाकले आणि पाय आपटला. ग्रोमच्या पाठीवर केस उडालेले, पण सूज नाही. मेजरांनी वहीसाठी हात पुढे केला.

बेकीर लंगडत आला. त्यानं तळवा ठेवला, बराच वेळ तसाच ठेवला. मग खोगीर उलटं करून गादी दाबून बघितली, इंच इंच. कुठं काही नव्हतं. त्याला काही कळेना. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "इग्नास, वाटेत काही बदललं का?"

कर्नल उभे, मेजर उभे, अख्खी तुकडी उभी. माझी फीत माझ्या डोळ्यांपुढे उभी.

"नाही मास्तर," मी म्हणालो.

प्रोकोपनं माझ्याकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली.

मला वाटलं होतं की बेकीर भांडेल. तो भांडणारा माणूस होता. आयुष्यात त्यानं एकदाही आपली चूक कबूल केलेली मी पाहिली नव्हती, अगदी मेर्येमासमोरसुद्धा. तो वाद घालील, रस्त्याला दोष देईल, घोडीला देईल, मेजरांच्या हातमोज्यांना देईल, आणि त्या गोंधळात सगळं निभावून जाईल, असा माझा हिशेब. पण बेकीरनं कमरेचा चामड्याचा एप्रन सोडला. नीट घडी घातली. कर्नलांसमोर जाऊन म्हणाला, "साहेब, माझ्याच हातून भरण चुकलं असणार. वय झालं. हाताला कळत नाही आता."

ऐकलंत? त्या हाताला कळत नाही! माझ्या एका शब्दापायी त्यानं स्वतःचा हात खोटा ठरवला. इग्नास 'नाही' म्हणाला म्हणजे नाही, मग चुकला तो बेकीरचा हात. मला तोंडात मारल्यासारखं झालं. फीत गेली खड्ड्यात.

"थांबा!" मी ओरडलो. इतक्या जोरात की मालवा दचकली. "मास्तरचं काही चुकलेलं नाही. मी ओढ्यावर नळकांडं भरलं. पाणी घेऊन आलो मी, पंचवीस किलोमीटर. आत्ता खोटं बोललो."

मग मेजर म्हणाले, "दोस्ताला वाचवायला बरंच सुचतंय कॉर्पोरलला. पाणी तर आता दोन्ही बंदुकांत आहे. पुरावा काय?"

"मी पाहिलं भरताना," प्रोकोप म्हणाला. वर्षभरात त्यानं आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य असेल.

"तूही त्याचाच माणूस."

तेव्हा बेकीरनं एप्रनची घडी उलगडली आणि पुन्हा कमरेला बांधली. माझ्याकडे बघितलंच नाही. म्हणाला, "साहेब, मला एक ओंडका द्या."

मैदानाच्या कडेला पाइनचा एक सरळ ओंडका कापून पडलेला होता. आम्ही तो दोन दगडांवर आडवा टाकला. बेकीरनं त्यावर खोगीर ठेवलं, उजवीकडे तिवई बांधली, डावीकडे पाण्यानं भरलेली बंदूक, सुट्या भागांची पेटी, वर पेट्या. हात सोडले. खोगीर डावीकडे कलंडलं आणि धप्पकन वाळूत पडलं. पुन्हा उचललं. या वेळी त्यानं बंदुकीचं पाणी बादलीत ओतलं. बादली निम्मी भरली. परत सगळं बांधलं. हात सोडले.

खोगीर उभं राहिलं. बेकीरनं एक बोट लावून ते थोडं हलवलं. ते डोललं आणि परत सरळ झालं.

डॉक्टर वाकून बघत होते. म्हणाले, "सूज फक्त डावीकडे आहे, आणि उजवी बाजू अगदी स्वच्छ. खोगीर वाईट असतं तर दोन्हीकडे लागलं असतं." कर्नलांनी मेजरांकडे पाहिलं. मेजर वाईट माणूस नव्हते, एवढं मी म्हणेन. त्यांनी हातमोजा काढला, उघड्या बोटानं स्वतः खोगीर हलवून बघितलं, दोनदा, आणि म्हणाले, "अहवालात तसं लिहीन."

"खोगिराचा निकाल लागला," कर्नल म्हणाले. "आता माणसाचा."

तो निकाल मला माहीतच होता. आमच्या रिसाल्यात ज्याच्या चुकीनं घोड्याची पाठ लागली, त्यानं ते खोगीर स्वतःच्या पाठीवर घ्यायचं आणि घरापर्यंत चालत न्यायचं. घोडा रिकामा शेजारी. चांदमारीच्या मैदानापासून बराकी चौदा किलोमीटर, त्यातले शेवटचे दोन भर बाजारातून. खोगीर वीस किलोचं. फीत गेली ते वेगळंच, तिचं कुणी नावही काढलं नाही.

मी वाकलो. बेकीरनं स्वतः खोगीर माझ्या पाठीवर चढवलं आणि तंग माझ्या छातीभोवती आवळला, अगदी घोड्याला आवळतात तसा, गुडघा लावून. कर्नल त्याला म्हणाले, "मास्तर, तुम्ही गाडीत बसा." बेकीर म्हणाला, "खोगीर माझं आहे साहेब. ते पायी चाललंय, तर मीही पायी." आणि मालवाचा लगाम धरून तो ताठ गुडघ्यानं माझ्या शेजारी चालू लागला.

दर दोन किलोमीटरला तो मला थांबवायचा. खोगिराखाली तळवा सरकवायचा, माझ्या पाठीवरून फिरवायचा, बाहेर काढायचा, आणि मानेनं खूण करायचा, चल. मग मालवाच्या सुजेवर व्हिनेगरची ओली पट्टी बदलायचा. मी दोनदा "मास्तर, माफ करा," म्हणालो. पहिल्यांदा त्यानं ऐकलंच नाही. दुसऱ्यांदा म्हणाला, "घोडे बोलत नाहीत. गप चाल."

बाजारात पोरं धावत आली, बायका दारांत आल्या, आणि पहिल्या तुकडीनं तोवर नवं गाणं रचलंही होतं :

पाठीवर खोगीर, तोंडाला फेस,
पाणी भरलंस गड्या, आता तूच घोडा हैस!

मी हसत ऐकून घेतलं. खरंच हसलो. मेर्येमा आपल्या दारात उभी होती. तिनं मला पाहिलं, नवऱ्याला पाहिलं, आणि ओरडून विचारलं, "घोडी कशी आहे?" बेकीर म्हणाला, "बरी होईल." मग ती मला म्हणाली, "आणि तू रे?" मी खोगीर सावरलं आणि पुढे चाललो.

बराकीच्या फाटकात बेकीरनं तंग सोडला, खोगीर उतरवलं. माझा सदरा वर केला, भर फाटकात, पहारेकऱ्यांसमोर. तळवा फिरवला, मानेपासून कमरेपर्यंत, हळूहळू. चौदा किलोमीटर मी ते खोगीर वाहिलं होतं, आणि एक ठिकाण लाल झालं नव्हतं.

"कोरडी," तो म्हणाला. "जा, खा."

पुढे ब्रिगेडमध्ये त्याचं खोगीर चाललं. आणखी दोन-तीन वर्षांनी मशीनगनी चार घोड्यांच्या गाड्यांवर चढल्या आणि पाठीवरची खोगिरं कोठीत गेली, ती गोष्ट वेगळी. मला सांगायचंय ते एवढंच की मालवाची सूज नऊ दिवसांत उतरली, आणि दहाव्या दिवशी पहाटे आमचं पुन्हा कूच होतं. बेकीरनं माल चढवला. मी बाजूला उभा, हात मागे बांधून. मी ठरवून ठेवलं होतं की आता तो स्वतः नळकांड्याचं झाकण उघडून बघेल, पेटी उघडून बघेल, आणि मी काही म्हणायचं नाही. हक्क होता त्याचा. त्यानं मालवाच्या मानेवर थाप मारली आणि माझ्याकडे वळला.

"इग्नास, काही बदललं का?"

"नाही मास्तर."

आणि त्यानं काहीही न उघडता, न बघता, तंग आवळला.